गंजीतली धग: रिपोर्टमधला सीआरपी आणि कमरेचा घेर

मामा आले ते ऐन सोयाबीन काढणीच्या दिवसांत. भर दुपारी, पायाला माती तशीच. हातात तालुक्याला झालेल्या तपासणी शिबिराचा सहा पानांचा रिपोर्ट होता. तिसऱ्या पानावर एका ओळीसमोर वर जाणारा बाण आणि त्याभोवती कोणीतरी पेनानं केलेला गोल. एचएस-सीआरपी: ४.२.

"भाशा, हे पाय बरं. कॅन्सर तं नाही ना रे?"

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी रक्त तपासणीचं काम करतो. रिपोर्ट घेऊन असे घाबरलेले चेहरे गेल्या काही वर्षांत फार वाढले. "फुल बॉडी चेकअप"च्या नावाखाली साठ-सत्तर तपासण्या एकदम होतात, आकडे छापून येतात आणि समजावून सांगायला कोणी नसतं. मामांना मी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

मामांचा पहिला प्रश्न अगदी बरोबर होता. "कागदावर सूज लिवली हाय. मले तं कुठंच सूज नाही. ताप नाही, दुखत नाही. मंग हे आली कुठून?"

पायात बाभळीचा काटा रुतला की काय होतं ते शेतात जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जागा लाल होते, गरम लागते, फुगते, ठणकते. शरीरातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, जंतूंशी लढतात, मेलेलं मांस साफ करतात आणि चार-आठ दिवसांत सगळं शांत होतं. यालाच दाह म्हणायचं. हा दाह नसता तर काट्याच्या एका जखमेनं माणूस गेला असता. हा आपल्या बाजूचा आहे.

दुसरा दाह मात्र डोळ्यांना दिसत नाही. मामांना तो समजावताना मला त्यांच्याच खळ्यातली गोष्ट सापडली. परतीच्या पावसात सोयाबीन भिजतं, तरी घाईघाईनं गंजी, म्हणजे कापलेल्या पिकाची रास, लावावी लागते. वरून ताडपत्री. बाहेरून बघाल तर गंजी छान उभी आहे, धूर नाही, काही नाही. चौथ्या दिवशी आत हात घातला की चटका बसतो. ओल्या शेंगा आतल्या आत तापत असतात. जाळ कुठेच नसतो, पण दाणा काळा पडत जातो. मामांनी मान डोलावली. मागच्या साली त्यांची अर्धी गंजी अशीच गेली होती.

शरीरातली ही धग मोजायची कशी? हात तर आत घालता येत नाही. तिथे सीआरपी कामाला येतो.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूच्या पेशीभिंतीतला 'सी' नावाचा एक साखरेसारखा पदार्थ रक्तद्रवात टाकला की आजारी माणसाच्या रक्तात साका बसायचा आणि माणूस बरा झाला की बसायचा नाही. म्हणून या प्रथिनाचं नाव असं पडलं. ते तयार होतं यकृतात. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा रासायनिक निरोप रक्तात सोडतात, तो यकृताला पोचतो आणि यकृत सीआरपी बनवायला लागतं. सहा-आठ तासांत आकडा चढायला लागतो, साधारण दोन दिवसांत शिखराला जातो. मोठ्या जंतुसंसर्गात तो नेहमीच्या हजारपटही होऊ शकतो. कारण संपलं की तितक्याच झपाट्यानं उतरतो, कारण रक्तातला सीआरपी दर एकोणीस तासांनी निम्मा होत जातो. म्हणजे आजचा आकडा हा आजकालचाच हिशोब सांगतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी साखरेची एचबीए१सी तपासणी आणि ही तपासणी यांत हा मोठा फरक आहे.

आता एक गोष्ट, जी आमच्या धंद्यातली माणसं सहसा सांगत नाहीत. खेड्यापाड्यातल्या लॅबमध्ये साधा सीआरपी पुष्कळदा काचपट्टीवर किंवा कार्डावर करतात. रक्तद्रवाचा थेंब, त्यावर औषधाचा थेंब, काडीनं हलवायचं, दोन मिनिटं बघायचं. बारीक गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह, नाही दिसल्या तर निगेटिव्ह. या पद्धतीला लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅमच्या खालचं काही दिसतच नाही. ताप आलेल्या लेकरासाठी ही तपासणी ठीक आहे. पण गंजीतली धग असते ती बरोबर या ६ च्या खाली. ती पकडायला एचएस-सीआरपी लागतो. एचएस म्हणजे हाय सेन्सिटिव्हिटी, जास्त संवेदनशील. प्रथिन तेच, फक्त मोजायची पद्धत बारीक.

कित्येक वर्षांपूर्वी एका ओळखीच्या शेतकऱ्याला मी स्वतः "सीआरपी निगेटिव्ह आहे, काळजी नका करू" असं सांगून पाठवलं होतं. त्यांचं पोट सुटलेलं मला समोर दिसत होतं. मी कागद बघितला, माणूस बघितला नाही. दीड वर्षात त्यांना हार्ट अटॅक आला. ते वाचले, पण ते वाक्य मला अजून टोचतं.

एचएस-सीआरपीचे आकडे वाचायची एक सर्वमान्य रीत आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेनं २००३ साली ती मांडली. हृदयरोगाच्या दृष्टीनं १ च्या खाली धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. आकडा १० च्या वर गेला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवायचा, आधी कुठे जंतुसंसर्ग आहे का ते शोधायचं आणि तो बरा झाल्यावर पुन्हा तपासायचं. हे सगळं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. काही लॅब प्रति डेसिलिटरमध्ये छापतात, तिथे मामांचाच ४.२ हा ०.४२ असा दिसेल. म्हणून आकड्याशेजारचं एकक वाचल्याशिवाय शेजाऱ्याच्या रिपोर्टशी तुलना करू नका. आणि एका तपासणीवर काही ठरवायचं नाही. दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करायची आणि सरासरी धरायची.

मग ही धग लागते कुठे? पुष्कळांच्या बाबतीत उत्तर पोटात आहे, आतड्यांभोवती आणि यकृताभोवती साठलेल्या चरबीत.

चरबी म्हणजे नुसती साठवलेली पोती, असं बराच काळ मानलं जात होतं. १९९३ मध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पिगलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा नावाचं दाह पेटवणारं द्रव्य बाहेर पडतं आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं. पुढे कळलं की चरबीच्या पेशी फुगत गेल्या की त्यांच्यापर्यंत रक्त आणि प्राणवायू नीट पोचत नाही, काही पेशी मरतात आणि मेलेलं साफ करायला पांढऱ्या पेशी तिथे जमतात. काटा काढला की जखम भरते, इथे काटा निघतच नाही. चरबी रोज थोडी वाढते आणि साफ करणाऱ्या पेशी तिथेच मुक्काम ठोकतात. त्यांच्याकडून टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ असे निरोप सतत सुटत राहतात. पोटातल्या बऱ्याच चरबीचं रक्त थेट यकृताकडे जातं, त्यामुळे यकृताला हे निरोप ताजे ताजे मिळतात. यकृत थोडा थोडा सीआरपी बनवत राहतं. चरबीतून निघणारं ॲडिपोनेक्टिन नावाचं एक गुणी द्रव्यही असतं, इन्सुलिनला मदत करणारं, दाह शमवणारं. पोट वाढलं की नेमकं तेच कमी होतं.

इन्सुलिनचं काय होतं ते विहिरीवरच्या मोटरवरून समजेल. स्टार्टरचं बटण दाबलं, खटका पडला, पण आतली वायर तापून खराब झालेली असेल तर मोटर पूर्ण जोर धरत नाही. इन्सुलिन म्हणजे ते बटण दाबणारा हात. दाहाची द्रव्यं पेशीच्या आतली वायर बिघडवतात. साखर आत जायला पाहिजे ती रक्तातच फिरते. स्वादुपिंड मग बटण आणखी जोरानं, पुन्हा पुन्हा दाबतं, म्हणजे जास्त इन्सुलिन सोडतं. काही वर्षं यातच निभावतं आणि रिपोर्टमध्ये साखर नॉर्मल येत राहते. दरम्यान यकृत रक्तात जास्त चरबी सोडतं, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, रक्तदाब चढतो.

हे सगळे बिघाड एकाच माणसात एकत्र येतात याकडे १९८८ साली जेराल्ड रीव्हन या अमेरिकन डॉक्टरांनी ठळकपणे लक्ष वेधलं. त्यांनी नाव दिलं 'सिंड्रोम एक्स'. आज आपण त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. गंमत म्हणजे, रीव्हन यांच्या व्याख्येत पोटाचा घेर नव्हताच, तो पुढे आला. आता पाच गोष्टी बघतात आणि त्यांतल्या कुठल्याही तीन असल्या तर मेटाबॉलिक सिंड्रोम आहे असं धरतात. कमरेचा घेर आपल्या लोकांत पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, १५० किंवा वर. चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पुरुषात ४० च्या आणि बाईत ५० च्या खाली. रक्तदाब १३०/८५ किंवा वर, म्हणजे दोन्हींपैकी एक आकडा चढला तरी. आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. यांपैकी एखाद्याची गोळी चालू असेल तरी तो मुद्दा मोजायचा.

या यादीत सीआरपी नाही, हे लक्षात घ्या. पण त्याचं नातं किती घट्ट आहे ते २००३ साली पॉल रिडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. अमेरिकेतल्या १४,७१९ निरोगी बायकांचा त्यांनी आठ वर्षं पाठपुरावा केला. ज्यांच्यात पाचांपैकी एकही बिघाड नव्हता त्यांचा मधला सीआरपी ०.६८ होता. एक बिघाड असला की १.०९, दोन असले की १.९३, तीन असले की ३.०१, चार असले की ३.८८ आणि पाचही असले की ५.७५. मी हे आकडे मामांच्या रिपोर्टच्या मागे लिहून दिले. त्यांनी बोटानं ओळ धरून वाचलं आणि विचारलं, "मंग माहे किती निघाले?"

आम्ही मोजले. ट्रायग्लिसराइड २१२, एचडीएल ३६, उपाशी साखर १०८. तिन्ही त्याच सहा पानांत होते, पण तिथे कोणी पेनानं गोल केला नव्हता. बीपी तिथेच घेतला, १३८/८८. घेर राहिला होता. मामा म्हणाले, "चौतीसचा पँट लागते मले." पँट ते पोटाच्या खाली बांधतात, आपल्याकडे पुष्कळ पुरुष बांधतात. घेर तिथे मोजायचा नसतो. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, अंगावर कपडा न ठेवता, श्वास हलकेच सोडून, पोट आत न ओढता मोजायचा. टेप फिरवला. ९७ सेंटिमीटर.

पाचही.

मामा दिसायला जाड नाहीत. हातपाय काड्यांसारखे, चेहरा खोल गेलेला, उन्हानं रापलेला. फक्त पोट माठासारखं. वजनकाट्यावर ते अगदी रास्त बसतात. हा आपल्या भागातला फार फसवा देह आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं आणि इंग्लंडमधली बाळं यांची तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांत मांस, हाडं, अवयव सगळं कमी होतं, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. पुढे २००४ साली त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्लिश डॉक्टरांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, तंतोतंत एक, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून सडपातळ शेतकऱ्याला "तुला काय होतंय?" म्हणणं मला आता धोक्याचं वाटतं. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली छापलेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि १५.३ टक्क्यांना त्याच्या आधीची अवस्था आढळली. पोटाचा घेर वाढलेले तर ३९.५ टक्के.

मामांनी मग साहजिक मागणी केली. "सीआरपी उतराची गोळी दे."

इथे थांबून नीट समजून घ्यायला हवं. सीआरपी ही धगीची खूण आहे, धग नव्हे. काही माणसांचा सीआरपी जन्मजात जनुकांमुळेच थोडा जास्त असतो. त्यांना त्या कारणानं हृदयविकार जास्त होतो असं मोठ्या अभ्यासांत दिसलं नाही. धगीवरच घाव घातला तर काय होतं हे २०१७ च्या एका मोठ्या चाचणीनं दाखवलं. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या, एचएस-सीआरपी २ किंवा वर असलेल्या दहा हजारांहून जास्त रुग्णांवर इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा आणखी एक निरोप अडवणारं इंजेक्शन तपासलं. कोलेस्टेरॉल जागेवरच राहिलं, तरी मधल्या मात्रेत पुढचे झटके वगैरे सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. पण जीवघेणे जंतुसंसर्गही थोडे वाढले. शेवटी दाह हा आपला राखणदारही आहे.

गोळीवरून एक गोष्ट तळमळीनं सांगतो. आपल्या खेड्यांत सांधे दुखले, कंबर धरली की पुडीतल्या गोळ्या आणि "ताकदीचं" इंजेक्शन मिळतं. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत माणूस उड्या मारतो. सीआरपीही खाली येतो. आणि मागे साखर चढते, बीपी चढतो, पोटावर चरबी जमते. म्हणजे खूण पुसली जाते आणि गंजी आणखी तापते. चांगल्या आलेल्या सीआरपीमागे अशी पुडी असलेली मी स्वतः पाहिली आहे. महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडणंही धोक्याचं असतं, ते डॉक्टरांकडूनच हळूहळू कमी करून घ्यावं लागतं. पुडी घेत असाल तर रक्त देताना तसं सांगा, पुडी दाखवा.

मामांच्या ४.२ मध्ये सगळा वाटा पोटाचा नव्हताही. मी त्यांना तोंड उघडायला लावलं. वीस-पंचवीस वर्षांचा खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, दिवसाला तीन-चार पुड्या. हिरड्या सुजलेल्या, दाबलं की रक्त. हिरड्यांचा जुनाट रोगही सीआरपी वाढवतो, आणि हे आमच्याकडे घरोघरी आहे. चुलीचा धूर, विडी, न बरी होणारी टाचेची भेग, लघवीतला संसर्ग, नुकताच येऊन गेलेला ताप, संधिवात, जुना खोकला, गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या, या सगळ्यांनी आकडा हलतो. म्हणून कुठलाही ताप उतरून दोन-तीन आठवडे झाल्याशिवाय एचएस-सीआरपी करू नये. पैसे वाया जातात आणि झोप उडते ती वेगळीच.

दाहासाठी ईएसआर नावाची आणखी एक तपासणी करतात, तिचा घोळ तर विदर्भात खास आहे. उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात एवढंच ईएसआर सांगतो. दाह असला की फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर बसतात. पण रक्त कमी असलं तरी ईएसआर वाढतो. आपल्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास असतं. त्यांचा ईएसआर ४० आला म्हणून लगेच मोठ्या आजाराचा संशय घेण्यात अर्थ नाही. उलट नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बराच आहे. कोयत्यासारख्या वाकड्या पेशींची चळत लागतच नाही, त्यामुळे आत दाह असूनही ईएसआर खालीच राहतो. सिकलसेलच्या रुग्णात एचबीए१सीही खोटा कमी दाखवू शकतो, कारण पेशी लवकर मरतात. लोह कमी असलेल्या बाईत तोच खोटा जास्त येऊ शकतो. आणि फेरिटिन हे लोहाचं कोठार दाखवणारं माप दाहात फुगतं, मग कोठार रिकामं असूनही भरलेलं भासतं. एकेका आकड्याला धरून निदान करू नका असं मी म्हणतो ते यामुळे.

उपाय मी मामांना फार लांबवून सांगितले नाहीत. वजन उतरलं की सीआरपी उतरतो. अनेक अभ्यासांची सरासरी काढली तर दर किलोमागे साधारण ०.१३. आकडा लहान दिसतो, पण आठ किलो कमी झाले तर एकाहून जास्त. खर्रा सोडायचा, आणि त्यासाठी आधी दाताच्या डॉक्टरांकडे जायचं. शेतात काम आहे म्हणून व्यायाम झाला असं आता राहिलेलं नाही. निंदणाच्या जागी फवारणी आली, वखराच्या जागी ट्रॅक्टर आला, वावरात जायला गाडी आहे. वर्षातले काही आठवडे अंग मोडेपर्यंत काम आणि बाकी पारावर. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं त्यात बसवावं लागेल. ताटात ज्वारीची भाकर परत यावी, तूर-मुगाचं वरण घट्ट असावं, जवसाची चटणी असावी, सकाळच्या तर्रीवरचा लाल तवंग आणि तीन कप गोड चहा कमी व्हावा. बीपी आणि साखरेची गोळी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. त्याला "इतक्यात नको" म्हणू नका, एवढं मात्र मी हात धरून सांगितलं.

आणि पुढच्या वेळी सहा पानांचं पॅकेज घेण्याआधी गावातल्या आशाताईंकडे जा, असंही सांगितलं. तिशीवरच्या प्रत्येकाचा फॉर्म त्या भरतात, त्यात कमरेचा घेर असतो. उपकेंद्रात बीपी आणि साखर फुकट बघतात. मामांसारख्या माणसाला पहिला इशारा द्यायला तेवढं पुरतं.

मामा परत आले ते दिवाळी झाल्यावर. हिरड्यांवर उपचार झाले होते, खर्रा एका पुडीवर आला होता. दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा केलेल्या एचएस-सीआरपीची सरासरी निघाली ३.१. पोट ९६. बीपीची गोळी सुरू होती.

या वेळी मामी सोबत होत्या. दारातच उभ्या, पदर सावरून. आजवर त्यांचा एकही रिपोर्ट कुठल्या शिबिरात निघालेला नाही, शिबिराच्या दिवशी त्या कापूस वेचायला गेल्या होत्या. मामांनी टेबलावरचा टेप स्वतःच उचलला आणि माझ्या सहकारी ताईंच्या हातात दिला.

"हिचंही मोजा ना, बाई."

आत पडद्यामागे ताईंनी मोजलं. शहाऐंशी.

मामींना खुर्ची दिली आणि बीपीचा पट्टा काढला.